जिवंत गोलकीपरचं रक्षाविसर्जन

नेसरीचा तानाजी. ओढ्यापलीकडच्या कॉलेजचा, म्हणजे ओढेवाल्यांचा, गोलकीपर आणि कॅप्टन. चार वर्षांमागं आंतरकॉलेज फायनल झाली, त्या रविवारी दिवेलागणीच्या वेळी मी त्याला मारला. म्हणजे फोनवर मारला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, नेसरीत त्याच्या आईला कळलं की आपला मुलगा गेला. तेव्हा तो इथं कोल्हापुरात, होस्टेलच्या खाटेवर, भिंतीकडं तोंड करून पडला होता.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, विद्यार्थी संघटनेत नाही, तुमच्यातल्या एकालाही नाही. तुम्हाला तो फोटो आठवतो — तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलाय. तो कुणी बनवला यावर तुम्ही माझ्यासमोर बसून चहा पीत पैजा लावल्यात. मीही एकदा लावली. दुसऱ्याच्या नावावर.

आता का सांगतोय? मला साक्षात्कार वगैरे झालेला नाही. आपल्या टीमच्या समर्थक मंडळानं यंदाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडं लेख मागितला. विषय — ओढेवाले कसे संपले. 'पत्रक्या, तुझ्यासारखं कोण लिहिणार! जरा मिरच्या जास्त टाक.' मी हो म्हटलं. बसलो. पहिलं वाक्य लिहिलं — 'ज्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं फुटबॉल गाडलं...' — आणि तिथंच पेन थांबलं. स्वतःच्या हातानं? खरंच?

थांबा. आधी माझा राग सांगतो. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि तो गेलाय असं दाखवलं तर ते नवं खोटं होईल.

मला ओढेवाले आवडायचे नाहीत. आजही आवडत नाहीत. त्यांचा खेळ हा खेळ नव्हता, ती राखण होती. दहा जण आपल्या गोलसमोर उभे आणि अकरावा, हा तान्या, त्यांच्यामागं. बॉल आला की लाथ मारून आभाळात. एक गोल मारला की वेळ काढायला लगेच कुणाच्या तरी पायात गोळा आलाच. आपली पोरं पेठेतली — गल्लीत, बोळात, टेनिसच्या बॉलवर शिकलेली, चार जणांतून बॉल काढणारी. त्यांची पोरं होस्टेलवरची. राधानगरीकडची, गडहिंग्लजकडची, नेसरीची. ऊस तुटलेल्या रानात, खोडव्याच्या खुंटांत अनवाणी खेळून आलेली. त्यांना पाडलं तरी ती उठायची. यापेक्षा संतापजनक गोष्ट मैदानात दुसरी कुठली नसते.

आणि आपण काय ओरडायचो? सांगू? लिहू इथं, स्मरणिकेत? 'म्हसरं राखाय जा रं, म्हसरं!' हलगी कडाडायची आणि अख्खा स्टँड त्या तालावर तेच म्हणायचा. तो ताल मी बसवला होता. त्याच आठवड्यात मी एसटीच्या पासासाठी, होस्टेलच्या मेससाठी पत्रकं काढत होतो. 'ग्रामीण विद्यार्थ्यांची ही अवहेलना आम्ही खपवून घेणार नाही!' — शुक्रवारी हे. रविवारी म्हसरं. मला यात काही विसंगत वाटत नव्हतं. वाटायला नको होतं का? मॅच वेगळी आणि विचार वेगळा, असं मी म्हणायचो. छान वाक्य आहे. पुष्कळ घाण झाकली जाते त्याच्याखाली.

फायनलच्या दिवशी गेटवर काय झालं ते आता सांगतो. मला हे लिहायला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण ते फार क्षुल्लक आहे.

ओढेवाल्यांची टीम आत चालली होती. मी आपल्या पोरांच्या पुढं, हातात झेंडा. तान्या माझ्यासमोर थांबला. उंच, काळा, दात पुढं. म्हणाला,

"पत्रक्या, हरल्यावर निषेधाचं पत्रक काढ की! मी सही करतो खाली."

हशा पिकला. त्यांच्या पोरांचा तर पिकलाच, पण आपलीही हसली. माझ्या मागं उभी असलेली, माझ्या तालावर ओरडणारी आपली पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "लागला की रं वर्मी!"

एवढंच. याच्यापुढं काही नाही. त्यानं आईवरून शिवी दिली नाही, धक्का मारला नाही. विनोद केला, आणि तो चांगला होता. तो मैदानात गेला आणि मी तिथंच उभं राहून त्याचा फोन नंबर आपल्या ग्रुपवर टाकला. नंबर माझ्याकडं कसा? होस्टेलच्या मेसच्या आंदोलनात त्यानंच दिला होता. 'कदी लागलं तर सांग, पोरं गोळा करतो.' तो विश्वासानं दिलेला नंबर मी वाटला. 'गोलकीपरला शुभेच्छा द्या रे,' असं लिहिलं.

मॅच तुम्हाला माहीत आहे. बरोबरी, मग टायब्रेकर. तान्यानं आपल्या दोन किका अडवल्या. तरी आपण जिंकलो — त्यांच्या पोरांनी बाहेर मारल्या, आणि आपली शेवटची किक त्याच्या बोटांना लागून खांबाला धडकली आणि आत गेली. तो तिथंच गोललाइनवर गुडघ्यांवर बसला. आपण मैदानात घुसलो. गुलाल, हलगी, शिट्ट्या. आणि त्याचा फोन वाजायला लागला असणार. तुम्ही सगळ्यांनी केले ना फोन? मला नंतर कळलं — इतके केलेत, की त्यानं फोन बंद करून गादीखाली टाकला.

हे लक्षात ठेवा. त्याचा फोन बंद होता. कारण मी आणि तुम्ही.

आता श्रद्धांजलीचं. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला आपण खुळे वाटू, पण आपल्याकडं ही रीतच आहे. मॅच हरली की हरलेल्या टीमचा श्रद्धांजलीचा फलक. चौकात डिजिटल बोर्ड, फोनवर स्टेटस. 'समस्त अमुक संघ यांचे तीन गोल लागून दुःखद निधन. रक्षाविसर्जन चौकात. शोकाकुल — मैदान.' आपलेही लागलेत. आपणही दात विचकून हसलोय. सगळ्यांना ठाऊक असतं की हा खेळ आहे, कारण त्यात गोल असतात, चेष्टा असते, आणि मुख्य म्हणजे टीमचं नाव असतं. माणसाचं नसतं.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर बसून मी फलक बनवायला घेतला. पोरं भोवती नाचत होती, त्यातलं कुणी वाकून बघत नव्हतं. माझ्याकडं तान्याचा फोटो होता — त्याच आंदोलनातला, मागं आमचा फलक, तो शांत उभा. मी मागचा फलक कापून टाकला. चेहरा ठेवला. काळपट केला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली नाव, गाव, तालुका. आणि पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं — 'यांचे टायब्रेकरमध्ये खांबाला धडकून दुःखद निधन.'

मग मी ते वाचलं. आणि — ऐका, हाच तो गुन्हा आहे, बाकी सगळं याच्या मागून आलेलं आहे — मी ती ओळ काढली.

मला ती स्वस्त वाटली. पोरकट वाटली. मी पत्रकं लिहिणारा माणूस. मला ठाऊक आहे की वार करायचा असेल तर हसायचं नसतं. मजकूर जितका कोरडा, तितका खोल जातो. म्हणून मी लिहिलं — 'अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले. रक्षाविसर्जन उद्या, सोमवारी सकाळी नऊ वाजता, नेसरी येथे. शोकाकुल — समस्त मित्रपरिवार.' वर्तमानपत्रात येतं तसं. चौकातल्या खऱ्या फलकावर असतं तसं. एक अक्षर इकडं-तिकडं नाही. स्वतःच्या कामावर मी खूश होतो. खूश होतो हो! कुणाला माहीत नसलेल्या दुसऱ्या सिमकार्डावरून तो आपल्या ग्रुपवर टाकला आणि मग बाकीच्यांसारखाच ओरडलो — "आयला, हे कुणी केलं रं? नाद खुळा!"

त्यात टायब्रेकरची ती एक ओळ राहिली असती, तर नेसरीतल्या कुणीही पोरानं बघून शिवी हासडली असती आणि विषय संपला असता.

रात्र पडायच्या आत तो फोटो तुमच्या सगळ्यांच्या स्टेटसला होता. तिथून गडहिंग्लजला गेला. तिथून नेसरीला, तिथून खाली बेळगावकडच्या त्याच्या पावण्यांत. फुटबॉल, फायनल, ओढेवाले, हे सगळं वाटेत गळून गेलं. उरला फक्त काळा फोटो आणि सकाळचे नऊ.

तुम्ही विचाराल — फोन करून खात्री नाही का कुणी केली? तान्याला केले. फोन बंद. बंदच असणार, माणूस गेलाय. मग त्याच्या घरी? अहो, मयताच्या घरी फोन करून 'खरंच गेलाय का' असं कोण विचारतं आपल्याकडं? तुम्ही विचारलंय कधी? आपण कामधंदा सोडतो आणि जातो. वेळ दिलेली आहे, गाव दिलेलं आहे, आपण जातो. आणि गल्लीतल्यांना आदल्या संध्याकाळीच कळलेलं असलं तरी ते आईला सांगत नाहीत. कुणी सांगायचं? जवळचं माणूस येऊ दे, त्याच्या तोंडून कळू दे. ती बाई त्या संध्याकाळी डेअरीला दूध घालून आली तेव्हा सगळी गल्ली तिच्याकडं बघत होती आणि गप्प होती. तिला वाटलं, पोरगं फायनल हरलंय म्हणून गप्प आहेत.

सोमवारी सकाळी ती गोठ्यात होती. तान्याची आत्ती गडहिंग्लजहून पहिल्या गाडीनं आली. दारातूनच हंबरडा फोडत आली. पुढचं मी तान्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि नंतर त्याच्या आईच्या तोंडून.

आईला आधी कळेचना. मग कळलं. आणि मग तिनं जे विचारलं ते मी तुम्हाला सांगतो, कारण ते मी एकट्यानं पुष्कळ दिवस ऐकलंय. रक्षाविसर्जन म्हणजे काय? रक्षा कधी गोळा करतात? जाळल्यावर. म्हणजे मुलाला कोल्हापुरातच जाळलं. तिच्याविना. ती आत्तीच्या अंगावर धावून गेली —

"मला त्वांड बी दावलं न्हाय? माझ्या पोराचं त्वांड बी दावलं न्हाय कुणी मला?"

मी तो शब्द का निवडला होता? 'अंत्ययात्रा' लिहिता आलं असतं. पण रक्षाविसर्जन शब्दाला वजन आहे. भारदस्त वाटतो. म्हणून.

वडील उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रांगेत होते. त्यांना तिथं कुणीतरी येऊन फोटो दाखवला. ट्रॅक्टर तसाच चालू ठेवून ते दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसले. अंगणात माणसं जमत होती. शेजारणींनी आमटी-भाकरी करून आणली, दुखवट्याच्या घरी आणतात तशी. पुरुषमाणसं विचारत होती, रक्षा घेऊन गाडी किती वाजता निघाली.

तान्या उठला दुपारच्या आधी. वॉर्डननं खोलीचं दार बडवलं तेव्हा. जिवंत बघून वॉर्डनच खाली बसला म्हणे. मग फोन झाले, पण आई फोनवरच्या आवाजावर विश्वास ठेवेना. कुणीतरी पोरगा तान्याचा आवाज काढून तिची समजूत घालतोय असं तिला वाटलं. तो एसटीनं घरी पोचेपर्यंत तिनं पाण्याला तोंड लावलं नाही. तो दारात उभा राहिला तर ती उठून आली नाही. त्यानं मला सांगितलं — हसत सांगितलं, मर्दा, हसत! —

"आईनं आदी माझं पाय बगितलं. उलटं हैत का काय म्हणून."

मला ही बातमी कळली तेव्हा मी कॉलेजच्या कँटीनमध्ये होतो. कुणीतरी धावत आलं — 'अरे, त्या तान्याच्या घरी खरंच माणसं गोळा झाली!' आणि आधी आपण काय केलं? हसलो. तुम्हीही होतात. मीही होतो. मग मी बाहेर गेलो, सिमकार्ड मोडलं आणि ओढ्यात टाकलं. पश्चात्तापानं? नाही. पकडला जाईन म्हणून.

आता इथवर तुम्ही म्हणाल की पोरवयात चूक होते. म्हणू नका. कारण पोरवयातली चूक सोमवारी दुपारी संपली. पुढचं मी पूर्ण शुद्धीवर केलं.

संध्याकाळपर्यंत मी निषेधाचं पत्रक लिहून तयार केलं. 'एका कष्टकरी मातेच्या काळजाशी खेळणाऱ्या नराधमांना शोधून काढा!' माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक. लोक आजही त्याचं नाव काढतात. दोन्ही कॉलेजांच्या गेटवर मी ते मोठ्यानं वाचलं, आणि वाचताना माझा आवाज भरून आला. खोटा नव्हता तो. हीच तर भयंकर गोष्ट आहे. मला खरोखर चीड आली होती. स्वतःला बाजूला ठेवून, त्या कुणा नराधमाची.

तान्या आठवड्यानं कॉलेजला आला, दाखला न्यायला. शेवटचं वर्ष अर्धं राहिलेलं. आईनं शपथ घातली होती — कोल्हापूर नाही, बॉल नाही. तो गेटवर मला भेटला, माझा हात दोन्ही हातांत घेतला. फायनलच्या दिवशीची ती चेष्टा त्याला आठवत होती. म्हणाला, "तुला चेष्टेनं पत्रक काढ म्हटलं, तू खरंच काढलास. लई उपकार झालं, भावा."

मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "आमचं कर्तव्य आहे."

मग संघटनेतर्फे आम्ही चौघं नेसरीला गेलो. भेटायला. त्याच्या आईनं आम्हाला ताक दिलं. लहान चणीची बाई, हातांना शेणाचा वास. आमच्यातला एकजण समजुतीचं बोलला — जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं म्हणतात. ती म्हणाली,

"त्येचं वाढलं आसंल, बाबा. माझं घटलं त्येचं काय?"

मग माझ्याकडं वळली. "तूच न्हवं त्यो पत्रकवाला? घावला का रं त्यो कोण हुता?"

मी मान हलवली. नाही म्हणून. ताक संपवलं.

वडील म्हणाले, पोलिसात जाऊ काय? तुमच्या ओळखी असतील. आता इथं मी जे केलं ते त्या फोटोपेक्षा वाईट आहे, आणि ते कुणी फलकावर लिहून फिरवलेलं नाही. मी पुढं सरकून बसलो. मोठ्या माणसासारखा. म्हटलं, मामा, जाऊ नका. तारखा पडतील, पोराचं नाव पेपरात येईल, गुन्हेगार तर सापडणारच नाही. आम्ही लढतोय ना! — आणि त्या माणसानं माझं ऐकलं. मला शिकलेला समजून ऐकलं. "तुमी म्हंतासा तर ऱ्हाऊ दे," म्हणाला. मी लढणारा माणूस. ज्या एका लढाईत खरा आरोपी सापडला असता, तीच मी ताक पिऊन मोडली.

परत येताना गाडीत मी इतरांना म्हणालो, यात दोष कुणाचा आहे माहीत आहे का? त्यांच्या जिमखान्याच्या सरांचा. पोरगं दुपारपर्यंत खोलीत पडलंय आणि सरांना पत्ता नाही? तिघांनाही पटलं. आठवड्यात पत्रक निघालं. महिन्यात त्यांच्या कॉलेजनं सरांकडून फुटबॉल काढून घेतलं. हे सर कोण? दर उन्हाळ्यात एसटीनं गावोगाव फिरून, जत्रेतल्या सामन्यांत पोरं हेरून, त्यांच्या घरी जेवून, आयांना शब्द देणारे — 'पोराला मी सांभाळतो.' त्या एका शब्दावर ओढेवाल्यांची अख्खी टीम उभी होती. तान्याची गोष्ट गावोगाव गेली, आणि मागोमाग सरही गेले. मग कुठली आई पोराला पाठवणार? पुढच्या वर्षी राधानगरीकडचे दोघं आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी गोलमध्ये हॉकीवाला उभा केला. आपण त्यांना धुतलं, आणि मी वर्तमानपत्रात 'ओढेवाल्यांचा ऱ्हास' असा लेख लिहिला — व्यवस्थापनाची अनास्था, मैदानाची दुरवस्था, पेठांकडं वळलेले खेळाडू. कारणं सगळी खरी दिसत होती. खोटं इतकंच, की त्यांच्या आधी एक कारण होतं आणि ते लेख लिहीत होतं.

यंदा त्यांनी टीमच दिली नाही. अकरा पोरं जमली नाहीत. त्यांच्या गोलपोस्टला आता लग्नाच्या मांडवाचं कापड बांधतात. मी जाऊन पाहिलं. मला वाईट वाटलं असं लिहायचा मोह होतोय. खरं सांगू? पहिल्यांदा बरं वाटलं. जिंकल्यासारखं. पाऊल मागं फिरेपर्यंत टिकलं ते.

तान्या नेसरीतच आहे. वडिलांचा ट्रॅक्टर चालवतो. तुम्ही म्हणाल, गोष्ट जुनी झाली, लोक विसरले. विसरले नाहीत. कारण खोटी बातमी जिथंवर गेली, तिथंवर खरी बातमी गेलीच नाही. तिला कोण पुढं पाठवतो? 'तानाजी जिवंत आहे' असं स्टेटस तुमच्यातल्या कुणी ठेवलं? मी ठेवलं? गेल्या वर्षी सीमेपलीकडच्या एका गावातून त्याला स्थळ आलं होतं. मुलीच्या आजोळचा कुणीतरी म्हणाला, नेसरीचा तो तानाजी? तो तर आजारानं गेला, मी स्वतः फोटो पाहिलाय. दुसरा म्हणाला, गेला नसेल तर काहीतरी लफडं असणार, उगाच कोण कुणाची श्रद्धांजली काढतं? स्थळ मोडलं. त्याची आई त्यानंतर स्वतः उठून त्या गावाला गेली, कानडी धड येत नसताना, पोराचा आजचा फोटो घेऊन. चार वर्षं ती हेच करतेय. जत्रेत, बाजारात, लग्नाच्या मांडवात — कुणी चमकून बघितलं की हीच पुढं होऊन सांगते, 'जित्तं हाय माझं पोरगं.' हे मला आपल्याच मंडळातल्या एकानं चेष्टा म्हणून सांगितलं. त्याच्यावर मी ओरडलो नाही. कुठल्या तोंडानं ओरडणार होतो?

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मी नेसरीला जाऊन आलेला असेन. फोन न करता जाणार आहे. वडिलांना सांगणार आहे की तेव्हा मी अडवलेली तक्रार आता करा, आरोपी स्वतः चालत आलाय. तिथं काय झालं ते मी लिहिणार नाही, आणि तुम्ही मला विचारू नका. ते त्यांचं आहे. त्यावर मी आणखी एक पत्रक काढणार नाही. सरांच्या घरी त्याआधी जाईन.

माझी बाजू घेऊ नका. 'आपला माणूस आहे' असं म्हणून मंडळाची बैठक लावू नका. संग्राम हे माझं नाव फलकावरून, हलगीपथकातून, जिथं जिथं आहे तिथून काढा. मला क्षमा नको, आणि मी ती मागतही नाही.

पण तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे, आणि ती मी विनंती म्हणून सांगत नाही. त्या रविवारी तुम्ही तो फोटो कुणाकुणाला पाठवला होता? मावसभावाला? गडहिंग्लजच्या मित्राला? गावाकडच्या ग्रुपवर? तुम्हाला माहीत आहे. एकेकाला आज फोन लावा. मेसेज नको, स्टेटस नको — फोन. आणि सांगा: नेसरीचा तानाजी जिवंत आहे, तो फलक खोटा होता, लिहिणारा संग्राम होता आणि पुढं पाठवणारा मी.